चिकनगुनियानंतरचा थकवा: आधी गळती शोधा, इंधनाचं मग बघू

ताई, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी लिहितो, म्हणजे काही चुकलं असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. गेल्या श्रावणात चिकनगुनिया झाला. ताप चार दिवसांत उतरला, सांधे पाच महिने धरून होते, ते आता बरेचसे मोकळे झालेत. पण अंगातली शक्ती काही परत आली नाही. मार्चमध्ये शाळेतून घरी आलं की साडीही न बदलता आडवं व्हावं लागायचं. एखाद्या रविवारी घर झाडून-पुसून घेतलं की सोमवार-मंगळवार गेलाच. हिमोग्लोबिन ११.८, त्यावर ‘ठीक आहे’ असं सांगितलं गेलं. आणि आता ओळखीतल्या कुणी म्हणतंय की विषाणूने तुमच्या पेशींमधली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणारे बारीक कारखाने, निकामी केली आहेत, १८ हजारांचं तीन महिन्यांचं पॅकेज घ्या. ते घेऊ का, आणि जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत बरी होईन का, असं तुम्ही विचारलंय.

पॅकेज घेऊ नका. या प्रश्नाचं उत्तर एवढंच. दुसऱ्याचं उत्तर लांबेल.

मी सोलापूर जिल्ह्यात पंचवीसेक वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो. चिकनगुनिया आमच्या भागाला परका नाही. १९७३ साली बार्शीत त्याची मोठी साथ आली होती. नंतर तो देशातून जवळजवळ तीन दशकं दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये परतला, तो राहिलाच. त्या साथीत आम्ही सगळे डॉक्टर सांध्यांच्या मागे होतो. थकव्याला ‘अशक्तपणा’ म्हणायचं आणि अशक्तपणाला सलाईन लावायची, इतकंच. आजही पेशंट येतो तो ‘डॉक्टर, एक बाटली लावा’ म्हणतच. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे फार तर १०० कॅलरी, एका भाकरीइतक्याही नाहीत. बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन टाकून ती पिवळी केली की चारशे रुपये जास्त. तुम्हाला सांगितलेलं पॅकेज हे याच बाटलीचं शहरी भावंड आहे.

तुम्हाला तपासलेलं नसल्यामुळे पुढचं बरंच काही ‘असेल तर’ या भाषेत येईल. वजन किती घटलं, पाळीत रक्तस्राव किती जातो, झोप कशी आहे, आणि त्या पाच महिन्यांत नेमक्या कुठल्या गोळ्या पोटात गेल्या, यावर उत्तर फिरतं. पण विचार कसा करायचा ते सांगता येईल. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न असा आहे: शरीराला ऊर्जा बनवता येत नाहीये, बनवलेली पुरत नाहीये, की शरीर मुद्दाम हात आखडून बसलंय? तिन्ही प्रकारांत बाहेरून दिसतो तो थकवाच. उपाय मात्र वेगळे आहेत, आणि एकावरचा उपाय दुसऱ्यात घात करतो.

‘तंतुकणिका’ हा शब्द तुम्ही फळ्यावर कितीदा लिहिला असेल. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे त्याच. ग्लुकोजचा एक रेणू ऑक्सिजनशिवाय मोडला तर एटीपीचे, म्हणजे पेशी ज्यात ऊर्जा खर्च करते त्या चलनाचे, २ रेणू मिळतात. तोच तंतुकणिकेत नेऊन ऑक्सिजनसोबत पूर्ण वापरला तर साधारण ३० ते ३२. एटीपी साठवून ठेवता येत नाही. कुठल्याही क्षणी शरीरात ते पाव किलोही नसतं, पण तेच पुन्हा पुन्हा भरून दिवसभरात जवळजवळ आपल्या वजनाइतकं वापरलं जातं. या कामाला नुसतं अन्न आणि हवा पुरत नाही, हत्यारं लागतात. तंतुकणिकेतल्या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या साखळीत जागोजागी लोह आहे. बी-१, बी-२, बी-३ ही जीवनसत्त्वं त्या यंत्रणेचे सुटे भाग आहेत. मॅग्नेशियम नसेल तर एटीपी वापरताच येत नाही. आणि कारखाना किती पाळ्यांत चालवायचा, हे बऱ्याच अंशी थायरॉइडचं संप्रेरक ठरवतं.

म्हणजे तंतुकणिका ‘निकामी’ न होताही माणूस गळून जाऊ शकतो. खरोखर बिघडलेल्या तंतुकणिका मी पाहिल्या आहेत, त्या क्षयाच्या पेशंटमध्ये. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर लिनेझोलिड देतात. ते जंतूंचा प्रथिनं बनवण्याचा कारखाना बंद पाडतं. तंतुकणिका मुळात कधीकाळी पेशीत येऊन राहिलेल्या जिवाणूंचेच वंशज, त्यामुळे त्यांचाही कारखाना त्याच सपाट्यात सापडतो. मग पायांना मुंग्या येऊन आग होते, नजर अंधुक होते, रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं, रक्तपेशी घटतात. आजारानंतर नऊ महिन्यांनी शाळेत शिकवून घरी येणाऱ्या बाईचं चित्र असं नसतं. हातात एक दांडी धरायला लावून दोन मिनिटांत ‘पेशींची ऊर्जा ४२ टक्के’ असा कागद काढणारं यंत्र तुम्हाला दाखवलं असेल, तर त्या कागदाचा उपयोग पाठकोरी बाजू वापरण्यापुरता.

हात आखडण्याचा प्रकार मात्र खरा असावा असं मला वाटतं. दुष्काळाच्या वर्षी शहाणा शेतकरी पेरा कमी करतो, त्याला कुणी आळशी म्हणत नाही. पेशीला संसर्गाची चाहूल लागली की तीही वाढीचं आणि रोजचं काम कमी करून संरक्षणाकडे वळते. कॅलिफोर्नियातले डॉ. रॉबर्ट नॅव्हिओ यांनी याला ‘सेल डेंजर रिस्पॉन्स’ म्हटलं आणि अशी मांडणी केली की काही दीर्घ आजारांत धोका सरला तरी पेशी सावध पवित्रा सोडत नाही. ही मांडणी आहे, सिद्ध झालेला नियम नाही. पॅकेज विकणारे नेमकं ती सिद्ध आहे असं धरून पुढे जातात. मला तिच्यातून कामाची वाटते ती एकच गोष्ट: पेशीला ‘पाऊस पडला’ हे पटायला हवं. पुरेसं अन्न, पुरेशी झोप, नवा मार नाही, असं काही आठवडे सलग. चाबूक मारून पेरा वाढत नाही.

आता गळतीकडे. तुमच्या मजकुरातल्या एका वाक्यावर मी थांबलो: पाच महिने दुखण्याच्या गोळ्या, सोबत रिकाम्या पोटी ऍसिडिटीची गोळी, आणि ती अजून चालू आहे. दुखण्याच्या बहुतेक गोळ्या पोटाच्या आतल्या अस्तराला बारीक जखमा करतात. थेंब थेंब रक्त जातं, शौचाला काळं दिसेलच असं नाही, पण महिनोन्‌महिने लोह वाहून जातं. त्यात दर महिन्याची पाळी. दुसरीकडे ऍसिडिटीची गोळी पोटातलं आम्ल कमी करते, आणि अन्नातलं लोह आणि बी-१२ सुटं करून घ्यायला तेच आम्ल लागतं. तुम्ही शाकाहारी, म्हणजे बी-१२ येणार ते फक्त दूध-दह्यातून. टाकी खालून गळतेय आणि वरचा नळही बारीक केलाय. शिवाय अंगात दाह, म्हणजे संसर्गाशी लढताना येणारी सूज, असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं, ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही आणि साठ्यातलंही कुलूपबंद करतं. चिकनगुनियाचे पाच महिने म्हणजे दाहाचेच महिने. विषाणूला दोष देण्याआधी एवढं सगळं मोजायला हवं.

आणखी एक विचारतो, राग मानू नका. त्या गोळ्यांमध्ये पुडीत बांधून दिलेल्या, पाकीट नसलेल्या बारीक गोळ्या होत्या का, ज्यांनी दोन दिवसांत जादूसारखं बरं वाटलं आणि भूक वाढली? त्या स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी. काही आठवडे घेऊन अचानक थांबवल्या तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, बनवणारी ग्रंथी झोपलेलीच राहते. उठताना चक्कर, मळमळ, वजन घटणं आणि प्रचंड थकवा हे तेव्हाही होतं. सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसोल तपासून ते कळतं. संशय असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उरलेल्या गोळ्या मनाने परत सुरू करू नका. ऍसिडिटीची गोळीही एकदम न थांबवता डॉक्टरांना विचारून कमी करत बंद करा, नाहीतर जळजळ दुप्पट उसळते.

तुमचं ११.८ ‘ठीक’ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीने गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की तो रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या, म्हणून आपल्या डोळ्यांना ११.८ चांगलंच दिसायला लागलंय. आणि हिमोग्लोबिन हे शेवटी पडतं. आधी लोहाचा साठा संपतो, स्नायूंची ओढाताण सुरू होते, तोपर्यंत आकडा तग धरून असतो. साठा कळतो फेरिटिनवरून. ते ३० च्या खाली असलं तर माझ्या लेखी लोह कमीच. दाह चालू असेल तर फेरिटिन खोटं वर दिसतं, म्हणून सोबत सीआरपी ही दाह मोजणारी तपासणी करायची.

इथे एक चाचणी सांगतो, कारण तिच्यात तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं दडली आहेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपातल्या अभ्यासात थकव्याची तक्रार असलेल्या १९८ बायका होत्या. हिमोग्लोबिन चांगलं, फेरिटिन ५० च्या खाली. निम्म्यांना बारा आठवडे लोह दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. लोहाच्या गटात थकवा सुमारे ४८ टक्क्यांनी उतरला. खोट्या गोळीच्या गटात २९ टक्क्यांनी. साठा भरला तर फरक पडतो, हे झालं पहिलं. पण ते २९ टक्के नीट बघा. काहीही न देता, केवळ कुणीतरी लक्ष देतंय म्हणून आणि काळ गेला म्हणून एवढा थकवा उतरतो. १८ हजारांच्या पॅकेजची सगळी ‘अनुभव वाचा’ पानं त्या २९ टक्क्यांवर उभी असतात. ती माणसं खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच बरं वाटलेलं असतं. तुम्हालाही वाटेल कदाचित. गळती तशीच राहील.

तेव्हा तपासण्या एवढ्याच: पूर्ण रक्तपेशी, फेरिटिन, सीआरपी, बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, किडनीसाठी क्रिएटिनिन, यकृतासाठी एसजीपीटी, ड जीवनसत्त्व. पॅकेजच्या पाव खर्चातही होतील. ‘शंभर चाचण्या एकत्र’वाल्या जाहिरातीला जाऊ नका, शंभरातल्या पाच उगाच लाल अक्षरांत येतात आणि पेशंट त्या पाचांच्या मागे धावतो.

लोहाची गोळी रिपोर्ट आल्यावरच. थॅलेसेमिया मायनर हा रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष असलेल्यांचं हिमोग्लोबिन असंच थोडं कमी असतं आणि साठा मात्र भरलेला. त्यांना महिनोन्‌महिने लोह देणं बरोबर नाही. कमी निघालं तर मी बहुतेकांना दिवसाआड एक गोळी देतो, सकाळी, लिंबूपाण्यासोबत. रोज घेतली तर पहिली गोळीच हेप्सिडिन वाढवून दुसरीची वाट अडवते, आणि पोट बिघडतं ते वेगळं. शौचाला काळं होईल, घाबरू नका. गोळीच्या मागेपुढे तासभर आणि जेवणाबरोबर चहा नको. आपल्याकडे जेवण झालं की लगेच चहाचा कप पुढे येतो, आणि भाजीतलं लोह तो कप पिऊन टाकतो.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलंत की कुठले पदार्थ ‘पेशींना ऊर्जा देतात’. मी आधी विचारेन, पोटभर जेवता का? सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी, म्हणजे महिन्यात नऊ-दहा दिवस साबुदाणा किंवा नुसता चहा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नसतं. खिचडीत जे काही आहे ते शेंगदाण्याच्या कुटाचं पुण्य. तुमचं वजन ५५ किलो धरलं तर भारतीय आहारशास्त्राच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे, किलोमागे ०.८३ ग्रॅमने, दिवसाला ४६ ग्रॅम प्रथिन हवं. आजारातून उठणाऱ्याला थोडं जास्तच. सकाळी चहा-बिस्किट, डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, रात्री भात-आमटी अशात ते भरत नाही. देवाची समजूत घालणं माझ्या अधिकारात नाही. पण आजारात उपास सोडायला आपल्या परंपरेत मुभा आहे, आणि सासूबाईंना ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सांगा. वाईटपणा माझ्याकडे.

काय खायचं ते तुमच्या घरात आहेच. ज्वारीच्या भाकरीसोबत रोज एक वाटी घट्ट डाळ किंवा मोड आलेली मटकी, हुलगे. मूठभर शेंगदाणे, सोलापूरची शेंगदाण्याची चटणी ही चवीची चिमूट न समजता दोन चमचे भरून घ्या. दही किंवा ताक दोन वेळा. अंडं चालत असेल तर दोन अंड्यांत १२ ग्रॅम प्रथिन आणि बी-१२ दोन्ही मिळतात. पालेभाजीवर लिंबू पिळा. यापलीकडे ‘मायटोकॉन्ड्रिया डाएट’ नावाची कुठलीही गोष्ट मी पेशंटला सांगत नाही. भात-भाकरी तोडून तूप-पनीरवर राहण्याचा सल्ला तर अजिबात नाही. वजन घटलेल्या, थकलेल्या माणसाला तो आणखी एक दुष्काळच.

साध्या अन्नाने एवढ्या मोठ्या दुखण्यात काय होणार, असं वाटत असेल तर झारखंडमधलं एक काम सांगतो. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने तिथल्या २,८०० क्षयरुग्णांना सहा महिने दरमहा १० किलोंची शिधापिशवी दिली. तांदूळ, डाळ, दूधपावडर, तेल. २०२३ साली निष्कर्ष आले: पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्के कमी दिसला. घरातल्या माणसांनाही शिधा दिला तेव्हा त्यांच्यात नवा क्षय ३९ टक्क्यांनी घटला. क्षय आणि चिकनगुनिया एक नव्हेत, आणि ती माणसं तुमच्यापेक्षा कितीतरी उपाशी होती. तरी डाळ-तांदळाला औषध म्हणायला मी तेव्हापासून कचरत नाही.

आता ज्या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, तो. तुमचा रविवार आणि त्यामागून येणारे सोमवार-मंगळवार.

२०१०च्या सुमारास माझ्याकडे शिवणकाम करणारी एक बाई यायची. तापानंतरचा थकवा, रिपोर्ट सगळे चांगले. मी तिला तेव्हाच्या पुस्तकी पद्धतीने सांगितलं, रोज चाला, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, शरीराला सवय लागेल. ती प्रामाणिक होती. मी सांगितलं तसं तिने केलं. सहाव्या आठवड्यात तिचा नवरा एकटाच आला आणि म्हणाला, ती आता न्हाणीघरापर्यंतच जाते. मी तिला नैराश्याची गोळी लिहून दिली. आज तो कागद आठवला की चुळबुळ होते. ती मला सांगत होती की चाललं त्या दिवशी काही होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग मोडून पडतं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

काही संसर्गांनंतर काही माणसांत ही अवस्था होते: श्रम केले की बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी सगळं बिघडतं, आणि ते श्रमाच्या मानाने फारच जास्त बिघडतं. त्यात झोपेने ताजंतवानं न वाटणं आणि डोक्यात धुकं साचल्यासारखं होणं. ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी २०२४ साली कोव्हिडनंतर अशा थकलेल्या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे व्यायामाच्या आधी आणि नंतर तपासले. श्रमानंतर त्यांच्या तंतुकणिकांचं काम आणखी घटलेलं दिसलं. म्हणजे माझी ती पेशंट सांगत होती त्याला शरीरात आधार होता. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ साली दीर्घ थकव्याच्या आजारासाठीच्या मार्गदर्शिकेतून ठरावीक वेगाने व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला काढून टाकला.

पण म्हणून प्रत्येक थकलेल्याने झोपून राहायचं का? नाही. बहुतेकांचे स्नायू नुसते ढिले पडलेले असतात, त्यांना हळूहळू चालणं हेच औषध. तुम्ही कुठल्या गटातल्या, हे कळायला महागडी तपासणी लागत नाही, दोनशे पानी वही लागते. पंधरा दिवस रोज रात्री तीन ओळी: आज काय श्रम झाले, आज कसं वाटलं, आणि कालच्या श्रमाचं आज काय झालं. चालल्यानंतर त्याच दिवशी दमून दुसऱ्या दिवशी ठीक होत असाल तर स्नायू ढिले. आठवड्याला थोडं थोडं वाढवा. रविवारचा हिशेब दर वेळी सोमवार-मंगळवारी चुकता होत असेल तर उलट नियम. बरं वाटणाऱ्या दिवशी जेवढं करावंसं वाटतं त्याच्या निम्म्यावर थांबायचं. कामाचे तुकडे करायचे, मध्ये पाठ टेकायची, घर एका रविवारी नव्हे तर सात दिवसांत झाडायचं. ऐकायला सोपं आहे. आपल्याकडच्या बाईला ते अशक्यप्राय वाटतं, कारण ती बरी दिसते आणि बसलेली दिसते. घरच्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

सोबत एक घरगुती तपासणी. कोव्हिडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल. सकाळी पाच मिनिटं पडून नाडीचा आकडा लिहा. मग भिंतीजवळ दहा मिनिटं न हलता उभ्या राहा, दर दोन मिनिटांनी आकडा लिहा. शेजारी कुणीतरी असू द्या, चक्कर आली तर लगेच बसा. नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली तर उभं राहणं हेच तुमच्या हृदयाला चढण झालेलं आहे. शिक्षिकेचं काम तर उभ्याचंच. रक्तक्षयातही नाडी वाढते, त्यामुळे हा आकडा एकट्याने काही सिद्ध करत नाही, पण डॉक्टरांना दाखवण्याजोगा नक्की आहे. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास नसेल तर ताकात, लिंबूसरबतात मीठ थोडं सढळ घालून बघायला हरकत नसते.

बाहेरच्या माराबद्दल थोडं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर असतो. अंग गार ठेवायला हृदय कातडीकडे जादा रक्त पाठवतं, शरीर घाम गाळतं; तुम्ही नुसत्या बसल्या असलात तरी हा खर्च चालूच असतो. म्हणून मेमधल्या थकव्यावरून जूनचा अंदाज बांधू नका. दुपारी बारा ते चार गॅसपुढचं काम टाळा, भाकऱ्या सकाळीच थापा. रात्री वीज जाते, डास असतात, झोपेचे तुकडे होतात. थकव्यात झोपेइतकी स्वस्त आणि झोपेइतकी दुर्लक्षित गोष्ट दुसरी नाही.

चिकनगुनिया झालेल्या घरात मला हमखास दिसते ती डासांची कॉइल, रात्रभर, खिडक्या लावून. भीती समजते. पण एका कॉइलमधून निघणारे धुराचे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं मोजून दाखवलं गेलंय. शिवाय चिकनगुनियाचा डास चावतो दिवसा. मच्छरदाणी लावा, खिडकीला जाळी बसवा, आणि कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करा. तो डास तिथेच वाढतो.

न्हाणीघरात गॅस गिझर असेल आणि हवेला वाट नसेल तर तोही लिहून ठेवा. एक निवृत्त कारकून माझ्याकडे दोन हिवाळे येत होते, रोज सकाळी डोकं जड आणि पायांत गोळे. मेंदूचं स्कॅनही झालं. शेवटी त्यांच्या सुनेने सहज सांगितलं की बाबांना कडक पाणी आणि बंद दार लागतं. गिझरचा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. गिझर बाहेर बसवला आणि पंधरा दिवसांत गृहस्थ सुधारले. त्याआधी त्यांच्याकडेही एक ऊर्जेचं टॉनिक होतंच.

अशा पॅकेजमधल्या वस्तूंपैकी को-एन्झाइम क्यू-१० या पूरक गोळीवर काही छोटे अभ्यास आहेत, निकाल संमिश्र. तपासण्या आणि खाणं मार्गी लागल्यावर कुणाला घ्यायचंच असेल तर मी अडवत नाही. शिरेतून द्यायच्या ‘डिटॉक्स’ बाटल्यांना मात्र अडवतो.

काही गोष्टी असतील तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. रोज संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, न सांगता घटणारं वजन, जिना चढताना नवीन धाप, काळं चिकट शौच. सकाळी बोटं तासाभराहून जास्त आखडलेली आणि सुजलेली राहत असतील तर संधिवाताची तपासणी, कारण चिकनगुनियानंतर कधीकधी खरा संधिवात उघडा पडतो. तुम्ही १५ मिनिटं लिहिलीत, ते दिलासा देणारं आहे. आणि कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, तर तेही तेवढंच स्पष्टपणे सांगा. नैराश्य हा आजार आहे, मी त्या शिवणकामवाल्या बाईला ते चुकीचं चिकटवलं म्हणून तो खोटा ठरत नाही.

शाळेचं म्हणाल तर १५ जूनपर्यंत पूर्ण बऱ्या व्हाल असं मी म्हणणार नाही. लोह कमी निघालं आणि आजपासून सुरू केलं तरी फरक जाणवायला चार-सहा आठवडे लागतात, साठा भरायला तीन महिने किंवा जास्त. म्हणून शाळेची तयारी वेगळी करा. मुख्याध्यापकांना आत्ताच भेटून तळमजल्यावरचा वर्ग आणि उंच खुर्ची मागा, बसून शिकवता येतं. पहिले दोन महिने परिपाठानंतर उभं राहण्याची कामं कुणाशी तरी अदलाबदल करा. पहिल्या आठवड्यातल्या रविवारी घरात काही काढू नका.

रक्त या आठवड्यात द्या आणि वही आज रात्रीपासून. पंधरा दिवसांनी फेरिटिनचा आणि बी-१२ चा आकडा, उभं राहून घेतलेली नाडी, आणि वहीतल्या ‘कालच्या श्रमाचं आज काय झालं’ या ओळी तेवढ्या कळवा. बाकीचं त्यावरून बोलू.